रुद्रपूरची दुमजली मातीची शाळा : एक प्रकरण अभ्यास

बांगलादेशाच्या वायव्येकडील दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर हे शेतीवर जगणारे गाव आहे. तेथे ‘दीपशिखा’ ही ग्रामविकासाचे काम करणारी संस्था ‘मेटी’ नावाची शाळा चालवते. या शाळेसाठी सप्टेंबर ते डिसेंबर २००५ या चार महिन्यांत माती, भाताचा पेंढा आणि बांबू यांची एक दुमजली इमारत बांधण्यात आली. मूळ आराखडा आना हेरिंगर यांचा होता आणि तांत्रिक नियोजनात बर्लिनचे वास्तुविशारद आइके रोझवाग त्यांच्यासोबत होते. २००७ साली इमारतीला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तिची छायाचित्रे जगभर छापली गेली, आणि तेव्हापासून नैसर्गिक साहित्याच्या बांधकामाचा विषय निघाला की या शाळेचे नाव हमखास घेतले जाते.

मात्र छायाचित्रांत रंगीत साड्यांचे छत, बांबूच्या पट्ट्यांतून गाळून येणारा प्रकाश आणि दारात उभी असलेली मुले दिसतात. मातीची भिंत पावसाळ्यामागून पावसाळे कशी टिकते, हे त्यांत दिसत नाही. या प्रकरणाकडे पुन्हा पाहण्याचे कारण तेच आहे. रुद्रपूरला माती नवी नव्हती, बांबूही नवा नव्हता. नवे होते ते जुन्या पद्धतीत नेमक्या चार-पाच ठिकाणी केलेले बदल, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाचे बदल तर नैसर्गिक साहित्याचेही नव्हते. ‘पारंपरिक ज्ञानाकडे परत चला’ असे सांगणाऱ्यांना ही गोष्ट थोडी अडचणीची वाटते. माझ्या मते या इमारतीपासून शिकण्यासारखे जे आहे, ते बरेचसे या अडचणीच्या गोष्टीतच आहे.

जागा, हवामान आणि वीट

बांगलादेशाची बहुतांश भूमी नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाची आहे. बांधकामाचा दगड देशात जवळजवळ नाही. दगड नसल्यामुळे हीच चिकण-वाळूमिश्रित माती साच्यात घालून भट्टीत भाजली जाते आणि तिची वीट होते. एवढेच नव्हे, तर काँक्रीटसाठी खडी हवी असली तरी भाजलेल्या विटा फोडून तिची खडी करतात. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण तिकडे रस्त्याच्या कडेला विटा फोडत बसलेली माणसे हे नेहमीचे दृश्य आहे. भट्ट्यांना लागणारा कोळसा मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतो, आणि विटेची माती बहुधा शेतातील वरच्या सुपीक थरातून उचलली जाते. म्हणजे पक्के घर बांधताना एकाच वेळी इंधन जळते, हवा बिघडते आणि पिकाची जमीन खरवडली जाते. दर चौरस किलोमीटरमागे हजाराहून अधिक माणसे राहणाऱ्या देशात हे तिन्ही परिणाम अंगावर येतात.

हवामान बंगालचे. मार्च ते मे कडक ऊन आणि अधूनमधून कोसळणारी कालबैशाखीची वादळे. जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पाऊस आणि दमट उकाडा. डिसेंबर-जानेवारीत मात्र उत्तरेकडील या भागात बोचरी थंडी पडते. म्हणजे शाळेच्या इमारतीने उन्हापासून, ओलीपासून, वादळापासून आणि थंडीपासून अशा चार वेगवेगळ्या गोष्टींपासून मुलांचे रक्षण करणे अपेक्षित होते, आणि या चारही गोष्टींना एकच भिंत उत्तर देऊ शकत नाही.

गावातील जुनी घरे मातीच्या भिंतींची, एकमजली, वर गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर अशी होती. चिखल गुरांकडून तुडवून घ्यायचा आणि थरांवर थर रचत भिंत चढवायची, ही पद्धत लोकांना अवगत होती. पण या घरांना बहुधा पाया नसे. भिंत सरळ जमिनीवर उभी राही, जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर चढे, वरून छपराच्या पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी उडे, आणि काही पावसाळ्यांत भिंतीचा खालचा भाग पोखरला जाई. मग घर नव्याने उभारावे लागे. ज्याच्या हाती चार पैसे येत, तो विटांचे घर बांधी. माती हे गरिबाचे साहित्य अशी समजूत यातून पक्की होत गेली, आणि ती समजूत निराधार होती असेही म्हणता येत नाही. ज्या रीतीने माती वापरली जात होती, त्या रीतीने ती खरोखरच टिकत नव्हती.

हेरिंगर १९९७ साली शालेय शिक्षण संपवून दीपशिखेच्या कामात वर्षभर स्वयंसेवक म्हणून रुद्रपूरला आल्या होत्या. पुढे ऑस्ट्रियातील लिंत्स येथील कला विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेताना त्यांनी याच गावातील शाळेची इमारत पदवीच्या प्रकल्पासाठी निवडली; तो प्रकल्प २००४ साली पूर्ण झाला आणि दुसऱ्या वर्षी प्रत्यक्षात उतरला. गावाचा इतक्या वर्षांचा परिचय नसता तर हे काम चार महिन्यांत होणे अवघड होते.

पाया आणि ओल

आता इमारतीच्या तळाशी जाऊ. भिंतींखाली ५० सेंटिमीटर खोलीचा भाजक्या विटांचा पाया आहे आणि त्याच्या दर्शनी बाजूला सिमेंटचा गिलावा आहे. ज्या विटेला पर्याय म्हणून ही इमारत उभी केली, तीच वीट पायात आहे, हे विसंगत वाटू शकते. परंतु जमिनीच्या पातळीवर, जिथे पाणी साचते, उडते आणि मुरते, तिथे न भाजलेली माती टिकवण्याचा आग्रह धरणे म्हणजे भिंत मुद्दाम गमावणे होय. पायासाठी लागणाऱ्या विटा या अख्ख्या इमारतीला लागल्या असत्या तितक्या विटांच्या तुलनेत थोड्याच असतात.

पायाच्या वर, मातीची भिंत जिथे सुरू होते तिथे, पॉलिथिनच्या कापडाचे दोन पदर आडवे अंथरले आहेत. गावाच्या बाजारात मिळणारे हे साधे प्लास्टिक आहे. याचे काम एकच : जमिनीतून पायात आलेली ओल पुढे मातीच्या भिंतीत शिरू द्यायची नाही. माझ्या दृष्टीने संपूर्ण इमारतीतील सर्वांत निर्णायक वस्तू हीच आहे, आणि ती कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

याचे महत्त्व समजण्यासाठी मातीच्या भिंतीचे वागणे ध्यानात घ्यावे लागते. मातीतील चिकण कण पाण्याच्या फार पातळ थरामुळे एकमेकांना चिकटून असतात. कोरडी भिंत दाबाखाली चांगलीच भक्कम असते. पाणी वाढत गेले की ते कण एकमेकांवरून सरकू लागतात आणि बळ झपाट्याने कमी होते. वरून पडणारा पाऊस भिंतीचा पृष्ठभाग धुऊन नेतो, हे नुकसान डोळ्यांना दिसते आणि हाताने दुरुस्त करता येते. बुडातून चढणारी ओल मात्र सगळा भार जिथे येतो तिथेच भिंत मऊ करते, आणि ती आतून काम करते. म्हणून मातीच्या घरांची खरी पडझड बहुतेक वेळा खालून सुरू होते. आपल्याकडेही जोते उंच दगडी घेऊन वर पांढऱ्या मातीच्या भिंती चढवण्याची जी जुनी रीत होती, तिच्यामागे हीच समज होती. बंगालच्या गाळाच्या मुलखात जोत्यासाठी दगडच नव्हता, एवढा फरक.

भिंत : थर, पेंढा, आठवडा

भिंतीसाठी माती, वाळू आणि भाताचा पेंढा पाणी घालून एकत्र तुडवले गेले, आणि तुडवण्याचे काम गाई व म्हशींनी केले. पेंढ्याचे प्रमाण फार नव्हते, पण त्याचे काम मोठे आहे. वाळताना चिकणमाती आकसते आणि तिला भेगा पडतात. पेंढ्याच्या काड्या तो ताण सर्वत्र वाटून देतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी बारीक, निरुपद्रवी चिरा पडतात. शिवाय ओल्या गाऱ्याला त्या धरून ठेवतात, म्हणून साच्याच्या फळ्यांशिवाय भिंत उभी करता येते.

तयार गारा पायावर ६५ सेंटिमीटर उंचीपर्यंत रचायचा, दोन-तीन दिवस थांबायचे, मग भिंतीच्या जाडीबाहेर फुगलेला भाग धारदार फावड्याने तासून काढायचा, आणि सुमारे आठवडाभर वाळू दिल्यानंतरच त्यावर पुढचा थर घ्यायचा, असा क्रम होता. घाई केली तर खालचा थर वरच्याच्या वजनाने बसतो आणि फुगतो. चार थरांत तळमजल्याची उंची गाठली गेली. तिसऱ्या आणि चौथ्या थरात दारे-खिडक्यांच्या चौकटींवरील आडव्या तुळया आणि बाजू बसवल्या गेल्या.

बांधकाम सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपले यामागे हाच वाळण्याचा हिशेब आहे. पाऊस ओसरत असताना पायाचे काम होते, भिंती चढू लागतात तोवर आभाळ स्वच्छ झालेले असते आणि हवेतील दमटपणाही उतरलेला असतो. जूनमध्ये हेच काम काढले असते तर पहिला थरसुद्धा वेळेत वाळला नसता. सिमेंट-विटांच्या कामाला सवयलेल्या ठेकेदारांना ही गोष्ट जड जाते. त्यांचे वेळापत्रक निविदेच्या तारखेवरून ठरते. मातीच्या कामाचे वेळापत्रक ऋतू ठरवतो, आणि निधी जर मार्चअखेर मंजूर होणार असेल तर मातीच्या इमारतीचा विचार करताना आधी दिनदर्शिकेकडे पाहावे लागते.

बाहेरून भिंतीला गिलावा केलेला नाही, मातीचा पृष्ठभाग उघडाच ठेवला आहे. फक्त खिडक्यांच्या बाजूंना चुन्याचा गिलावा आहे. आतून मातीचे लिंपण करून त्यावर चुन्याचा रंग दिला आहे. उघडी भिंत दरवर्षी किंचित झिजणार हे गृहीत धरलेले आहे. वरच्या मजल्याचे आणि छपराचे पुढे आलेले भाग पावसाचा बराचसा मारा अडवतात, उरलेला भिंत सोसते, आणि जाड भिंतीला थोडी झीज परवडते. सिमेंटचा पातळ गिलावा चढवून हा प्रश्न कायमचा मिटवावा, असे अनेकांना वाटते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी गोष्ट आहे, आणि ती घातक आहे, कारण सिमेंटला तडे गेले की पाणी आत जाते पण बाहेर सुटत नाही, आणि गिलाव्याआड भिंत कुजत राहते.

किल्लारीचा प्रश्न

मराठी वाचकाच्या मनात येथे एक शंका येणारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे ज्या घरांखाली गाडली गेली, ती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाच्या जड छपरांची घरे होती. त्यानंतर लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात मातीच्या भिंतीविषयी जे भय बसले, ते आकलनीय आहे. उत्तर बंगालही भूकंपापासून मुक्त नाही. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाने त्या भागातही मोठे नुकसान केले होते.

किल्लारीच्या घरांचे नेमके काय चुकले ते पाहिले तर दोन-तीन गोष्टी ठळकपणे समोर येतात. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडांना बांधणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे हादऱ्यात भिंत मधून दुभंगली. चारही भिंतींना एकत्र बांधणारा आडवा पट्टा नव्हता, त्यामुळे कोपरे सुटले. आणि डोक्यावर वर्षानुवर्षे घातलेल्या मातीचा भार होता. मातीच्या इमारतींची भूकंप सोसण्याची क्षमता कशी वाढवावी याविषयीचे भारतीय मानक १३८२७ हे १९९३ सालचेच आहे, आणि त्यातही भिंतींना बांधणाऱ्या अशा पट्ट्यांवर भर आहे.

रुद्रपूरच्या शाळेत चौथ्या थराच्या माथ्यावर जाड बांबूंचे कडे सर्व भिंतींवरून फिरवलेले आहे. वरच्या मजल्याचा भार भिंतीवर सारखा पसरवणे हे त्याचे पहिले काम, पण भिंतींच्या माथ्यांना एकत्र धरणेही त्यातून साधते. वरचा सगळा मजला बांबूचा आणि छप्पर पत्र्याचे, म्हणजे डोक्यावरचा भार हलका. एवढ्यावरून ही इमारत मोठ्या भूकंपात सुरक्षित राहील असा दाखला देणे योग्य होणार नाही. परंतु ‘माती म्हणजे किल्लारी’ हे समीकरण मात्र तपासून पाहायला हवे. तिथे दगड-मातीच्या जोडीला सांध्यांचा आणि भाराचा दोष होता.

बांबूचा मजला

तळमजल्यावर दुसरा मजला चढवण्याचा निर्णय केवळ रचनेच्या हौसेखातर घेतलेला नव्हता. गावातील घरे एकमजली असतात आणि कुटुंबे वाढली की ती शेतात पसरतात. जमीन वाचवायची तर वर जायला हवे, आणि मातीच्या घराला वर जाता येते हे दाखवणे हा या इमारतीचा एक उद्देश होता. पक्क्या घराच्या बाजूने दिला जाणारा एक मोठा युक्तिवाद, ‘मातीवर मजला चढत नाही’, त्यातून निकालात निघाला.

दोन मजल्यांमधला तक्ता बांबूंच्या तीन थरांचा आहे. वरचा आणि खालचा थर एका दिशेने, मधला त्यांना काटकोनात, त्यामुळे तक्ता आडव्या हालचालीला घट्ट राहतो. मधल्या थरावर चिरलेल्या बांबूच्या पट्ट्यांची जमीन आणि तिच्यावर मातीचा भराव अशी रचना आहे. वरच्या मजल्याचा सांगाडा चार थरांच्या बांबू तुळयांचा, उभ्या खांबांचा आणि तिरप्या आधारांचा आहे. हे तिरपे आधार म्हणजेच या मजल्याचा कणा. परंपरागत बांबूच्या घरात खांब आणि आडव्या दांड्या असतात, पण चौकोनाला तिरपा धरणारा बांबू बहुधा नसतो, आणि वाऱ्याने चौकट कलते ती त्याच कारणाने. सांध्यांत पोलादी खिळ घालून तो नायलॉनच्या दोरीने आवळला आहे, म्हणजे इथेही थोडे औद्योगिक साहित्य नेमक्या ठिकाणी वापरलेले आहे.

कालबैशाखीच्या वादळात पत्र्याच्या छपराला खालून उचल बसते. त्यावरचे उत्तर मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत देखणे वाटते. तळमजल्याच्या चार थरांवर मातीचा पाचवा थर घेतला आहे. तो वरच्या मजल्याभोवती कठड्यासारखा फिरतो आणि बांबूच्या सांगाड्याचे पाय आपल्या वजनाने दाबून धरतो. मातीचा जडपणा, जो भूकंपात दोष ठरतो, तो वाऱ्यापुढे उपयोगी पडतो. जड साहित्य खाली आणि हलके वर, ही मांडणी दोन्ही संकटांचा विचार करून झालेली आहे.

छप्पर पन्हाळीच्या लोखंडी पत्र्याचे आहे. गवताचे छप्पर अधिक ‘नैसर्गिक’ झाले असते, पण ते दर काही वर्षांनी शाकारावे लागते, त्याला आगीचे भय असते, आणि छप्पर एकदा गळू लागले की खालचा बांबू कुजतो व भिंत भिजते. पत्रा तापतो, हा त्याचा दोष. त्यावर उपाय म्हणून पत्र्याखाली कापडाचे छत ताणले आहे आणि कापड व पत्रा यांच्यामधल्या पोकळीतून वारा वाहता ठेवला आहे. रंगीत साड्यांचे जे छत छायाचित्रांत शोभेचे वाटते, त्याला असे काम आहे. मागच्या बाजूला बांबूची जाळी उभी केली असून तिच्यावर वेली चढवण्याची योजना होती. जाळीचे बांबू ओलीपासून दूर ठेवण्यासाठी विहिरीच्या जुन्या नळ्यांवर बसवले आहेत.

आतले वातावरण

तळमजल्यावर तीन वर्ग आहेत, आणि प्रत्येक वर्गाच्या मागच्या भिंतीतून मुलांना शिरता येईल अशा गुहा आहेत. बांबूच्या सांगाड्यावर पेंढ्याची माती थापून त्यावर तांबड्या मातीचे लिंपण करून त्या घडवल्या आहेत. मूल एकटे बसू शकेल, दोघे-तिघे कुजबुजत वाचू शकतील, अशा या जागा आहेत. अशी गोलाई विटेत किंवा काँक्रीटमध्ये आणायची तर साचा आणि खर्च दोन्ही वाढतात; मातीत ती हाताने येते.

जाड मातीची भिंत उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते, त्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो तेव्हा ती उत्तम काम करते. उन्हाळ्याची सुरुवात आणि हिवाळा या काळात तळमजल्याचा हा गुण जाणवतो. पावसाळ्यात मात्र दिवस आणि रात्र सारखीच दमट असते, तिथे भिंतीचा जडपणा फारसा उपयोगी पडत नाही. हवा खेळती राहणे हाच दिलासा असतो. वरचा मजला नेमका तसा आहे : बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, चहूबाजूंनी वारा, झाडांच्या शेंड्यांवरून तळ्यापर्यंत जाणारी नजर. म्हणजे एकाच इमारतीत दोन ऋतूंसाठी दोन मजले आहेत. यंत्राने थंड कराव्या लागणाऱ्या बंद पेटीसारख्या शाळा आपण सध्या बांधत आहोत, त्यांच्याशी याची तुलना वाचकाने स्वतःच करावी.

हिशेब

सुमारे ३२५ चौरस मीटर क्षेत्राच्या या इमारतीला अंदाजे २३ हजार अमेरिकी डॉलर खर्च आला. त्यात माती आणि पेंढ्याचा वाटा किरकोळ, बांबू गावाभोवतीचा, आणि श्रमांचा भाग मोठा. परिसरातील सुमारे २५ कारागिरांनी जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या तज्ज्ञांबरोबर काम केले. शाळेतील मुले आणि शिक्षकही हातभार लावत होते. विटांच्या इमारतीत जो पैसा कोळशाला, भट्टीला, सिमेंटला आणि वाहतुकीला गेला असता, तो इथे बराचसा गावातल्या मजुरीत राहिला.

सिमेंटच्या उत्पादनातून जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन होते, आणि त्याचा अर्ध्याहून अधिक भाग इंधनातून नव्हे, तर चुनखडी भाजताना तिच्यातून सुटणाऱ्या वायूतून येतो. म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो भाग सुटत नाही. रुद्रपूरच्या भिंतीत सिमेंट नाही. हे ठळकपणे सांगावे लागते, कारण ‘मातीची वीट’ म्हणून आज बाजारात जे अनेकदा मिळते, त्यात पाच ते दहा टक्के सिमेंट मिसळलेले असते. तशी वीट भाजक्या विटेपेक्षा बरी असते, हे खरे. पण पाडल्यावर तिची पुन्हा माती होत नाही. इथल्या भिंती पाडून, भिजवून, पुन्हा तुडवून नव्या भिंती उभारता येतील.

त्याच वेळी या इमारतीत वीट, सिमेंटचा गिलावा, पॉलिथिन, पोलादी खिळ, नायलॉन आणि लोखंडी पत्रा आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात. मला वाटते, उत्सर्जन कमी करायचे असेल तर विचारायचा प्रश्न हाच आहे : कोणत्या जागी औद्योगिक साहित्याला पर्याय नाही, आणि तिथे ते कमीत कमी किती पुरेल? प्लास्टिकचे दोन पदर वाचवण्यासाठी सगळी भिंत दहा वर्षांत पुन्हा बांधावी लागणार असेल, तर त्या शुद्धतेचा पर्यावरणाला काहीही लाभ नाही.

उणिवाही आहेत. बांबू ओला राहिला किंवा नीट प्रक्रिया न करता वापरला तर त्याला कीड लागते, आणि सांध्यांतील दोऱ्या वेळोवेळी पाहाव्या लागतात. उघड्या भिंतींची डागडुजी करणारे हात गावात असावे लागतात. शाळा चालवणाऱ्या संस्थेला हे जमते. सरकारी बांधकाम खात्याच्या चौकटीत, जिथे देखभालीची तरतूद मुळातच तोकडी असते आणि दर-सूचीत मातीच्या भिंतीची ओळच नसते, तिथे ते कसे जमवायचे याचे उत्तर या प्रकरणातून मिळत नाही.

पुढची बांधकामे

एखादी इमारत गाजते आणि गावात तिच्यासारखी दुसरी कधीच होत नाही, असे पुष्कळदा घडते. रुद्रपूरमध्ये तसे झाले नाही. शाळेनंतर ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन गावातील कुटुंबांसाठी मातीची दुमजली घरे बांधण्यात आली. २००८ साली वीजकामाचे शिक्षण देणारे ‘डेसी’ केंद्र पूर्ण झाले. त्याची वीज सौरपट्ट्यांतून येते, आणि मातीच्या त्या इमारतीत स्नानगृहे व शौचालये बसवण्याचे धाडसही करण्यात आले. पाणी आणि माती यांना एका छताखाली आणण्याचे हे काम शाळेच्या पायातील प्लास्टिकच्या पदरांचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच शक्य झाले असणार.

त्यानंतरची इमारत ‘आनंदालय’. तिच्या तळमजल्यावर दिव्यांग व्यक्तींसाठी उपचार केंद्र आहे आणि वर गावातील स्त्रियांसाठी शिवणकामाची व कापडकामाची जागा. ती स्थानिक चमूने बांधली आणि बांधकामात दिव्यांग व्यक्तींचाही सहभाग होता. २०२० साली तिला वास्तुकलेचा ओबेल पुरस्कार मिळाला. या इमारतीत सरळ भिंती जवळजवळ नाहीत; माती साच्याशिवाय रचली जात असल्याने भिंती वळणे घेत जातात, आणि वरच्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीने जाता यावे म्हणून इमारतीला वळसा घालणारा एक रुंद उतार बांधला आहे. परिसरात असा दुसरा उतार नाही, आणि तो सर्वांना सामावून घेण्याचे प्रतीक आहे, असे हेरिंगर यांचे म्हणणे आहे. उताराखालच्या पोकळीत, शाळेतल्यासारख्याच, मुलांसाठी गुहा ठेवल्या आहेत.